शक्यता सांगण्याआधी यादी दाखवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातल्या हवामानाच्या चौकटीत ‘विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ असे छापून येते. त्याच सकाळी मोबाइलवर ‘नागपूर, पाऊस ६० टक्के’ असे दिसते. मग आमच्या मानेवाड्यातल्या पानठेल्यावर वाद लागतो : पेपरचे खरे की मोबाइलचे? वाद घालणारी माणसे शिकली-सवरलेली आहेत. कोणी बँकेत, कोणी महापालिकेत, एक जण तर इंजिनीअर. तरी कोणाच्या लक्षात येत नाही की ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात नाहीतच. पहिल्यात ठिकाणे मोजली आहेत, दुसऱ्यात एकाच ठिकाणचे दिवस. कशाची यादी समोर ठेवून शक्यता काढली, हे कोणी विचारतच नाही. ही विचारायची सवय शाळेत लागायला हवी आणि नेमकी तिथेच ती सुटते. म्हणून हे पत्र.

मी कृषी खात्यात सांख्यिकीचे काम केले. नोकरीचा बहुतेक काळ पीक कापणी प्रयोगांत, म्हणजे वावराचा ठरावीक तुकडा कापून पिकाच्या उत्पादनाचा अंदाज काढण्यात गेला : उमरेड, भिवापूर, कुही, मौदा, रामटेक. निवृत्तीनंतर संध्याकाळी वस्तीतली दहावी-बारावीची पोरे गणित घेऊन घरी येतात. शिकवणीचे पैसे मी घेत नाही. मला या विषयाची ओढ आहे आणि पोरांना तो नीट कळावा अशी तळमळ आहे, एवढेच कारण.

दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘संभाव्यता’ हे पाचवे प्रकरण. पाठ्यपुस्तकातला क्रम चांगला आहे : यादृच्छिक प्रयोग (ज्याचा निकाल आधी सांगता येत नाही), निष्पत्ती (त्याचा एकेक संभाव्य निकाल), समसंभाव्य निष्पत्ती (सारखीच शक्यता असलेल्या), नमुना अवकाश (सगळ्या निष्पत्तींची यादी), घटना (त्यातल्या आपल्याला हव्या त्या, म्हणजे अनुकूल निष्पत्ती) आणि मग भागाकार. पण पोरांच्या हातात पुस्तकाआधी सरावसंच येतात आणि त्यांत सगळी घाई भागाकाराची असते. यंदा एका मुलीने आणलेल्या संचात असे गणित होते : दोन नाणी एकाच वेळी फेकली, तर बरोबर एक छापा मिळण्याची संभाव्यता किती? छापील उत्तर १/३. खाली स्पष्टीकरणही होते की छापे शून्य मिळतील, एक मिळेल किंवा दोन मिळतील. एकूण तीन निष्पत्ती, त्यातली एक अनुकूल.

मी तिला वहीत चार निष्पत्ती लिहून दाखवल्या : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. बरोबर एक छापा दोन ठिकाणी आहे, म्हणून उत्तर २/४, म्हणजे १/२. तिने मान डोलावली नाही. म्हणाली, ‘सर, दोन्ही नाणी सारखीच हायेत आन् एकदमच फेकली. मग छापा-काटा आन् काटा-छापा हे दोन काहून? तुम्ही एकच गोष्ट दोनदा मोजून राहिले.’

इतका खणखणीत प्रश्न वर्षातून एखादाच येतो. त्याला ‘पुस्तकात तसेच आहे’ असे उत्तर देणे म्हणजे त्या मुलीच्या बुद्धीचा अपमान आहे. मी एक रुपयाचे आणि पाच रुपयांचे अशी दोन नाणी तिच्या हातात दिली. आता रुपयावर छापा आणि पाचावर काटा ही एक गोष्ट, रुपयावर काटा आणि पाचावर छापा ही दुसरी, हे डोळ्यांना दिसते. मग विचारले, या जागी दोन्ही रुपयेच असते, तर नाणी वेगळ्या तऱ्हेने उडली असती का? नाही. आपल्याला नाणी ओळखता येतात की नाही, याने नाण्यांना काही फरक पडत नाही. मग सगळ्या पोरांना नाणी वाटली आणि फरशीवर खडूने तीन रकाने आखून रेघा ओढायला लावल्या. ‘एक छापा’चा रकाना बाकीच्या दोन रकान्यांच्या बेरजेइतका भरत गेला. त्या मुलीने स्वतः रेघा मोजल्या आणि मगच सरावसंचातल्या उत्तरावर काट मारली.

या प्रश्नापाशी मोठमोठी माणसे अडली आहेत. फ्रान्समधला द’अलाम्बेर हा अठराव्या शतकातला नामवंत गणिती. त्याने १७५४ मध्ये तिथल्या विश्वकोशात याच प्रकारच्या गणितावर लेख लिहिला. नाणे दोनदा फेकायचे. निदान एकदा छापा येण्याची शक्यता किती? सर्वांचे उत्तर ३/४. तो म्हणाला, पहिल्याच फेकीत छापा आला तर डाव तिथेच संपला, दुसरी फेक करायचीच कशाला? म्हणजे निष्पत्ती तीनच : छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. त्यातल्या दोन अनुकूल, म्हणून २/३.

इथे मला वाचकांना थोडे थांबवायचे आहे. द’अलाम्बेरची यादी चुकलेली नव्हती. कोणतीही निष्पत्ती त्या यादीतून सुटत नाही आणि कोणत्याही दोन निष्पत्ती एका वेळी घडत नाहीत. नमुना अवकाशाकडून एवढीच अपेक्षा असते. सरावसंचातली ‘०, १, २’ ही यादीही तशी चालते. चुकले ते यादीतल्या सगळ्या ओळी समसंभाव्य मानणे. द’अलाम्बेरच्या तीन ओळींचे खरे वजन, म्हणजे प्रत्येक ओळीची शक्यता, १/२, १/४, १/४ अशी आहे. सरावसंचातल्या तीन ओळींचे १/४, १/२, १/४. ‘अनुकूल भागिले एकूण’ हा भागाकार करायची परवानगी सगळ्या ओळींचे वजन सारखे असेल तरच मिळते. पुस्तकात ‘समसंभाव्य’ हा शब्द त्या जागी मुद्दाम ठेवलेला आहे आणि पोरे तो वाचताना गाळतात, कारण परीक्षेत त्याला गुण नाहीत.

गॅलिलिओसमोर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न तीन फाशांच्या रूपाने आला होता. बेरीज ९ आणि बेरीज १०, दोन्ही सहा-सहा प्रकारांनी जमतात. मग खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा का दिसते? त्याने २१६ निष्पत्तींची यादी धरून मोजले : ९ येते २५ वेळा, १० येते २७ वेळा. ३-३-३ हा प्रकार एकदाच घडतो, १-२-६ हा सहा तऱ्हांनी घडतो. बस, इतकेच.

आता बारावीकडे येतो, कारण तिथे हाच घोळ दुसऱ्या नावाने पुढे जातो. बारावीत ‘यादृच्छिक चल’ शिकवतात. पोरांना व्याख्या विचारा, ती सांगतात, ‘एक्सच्या किमती ०, १, २’. ही व्याख्या नव्हे. नमुना अवकाशातल्या प्रत्येक निष्पत्तीला एक संख्या नेमून देणारा नियम म्हणजे यादृच्छिक चल. नियम पक्का असतो. अनिश्चित असते ती निष्पत्ती. छापा-छापाला २, छापा-काटाला १, काटा-छापालाही १, काटा-काटाला ०. चार ओळींपैकी दोन ओळी ‘१’ या एकाच आकड्याशी येऊन मिळतात, म्हणून १ चे वजन दुप्पट. सरावसंच लिहिणाऱ्याने चलाच्या किमती उचलल्या आणि त्यांनाच समसंभाव्य निष्पत्ती समजून टाकले. त्या मुलीचा प्रश्न दहावीचा होता, पण त्याचे पूर्ण उत्तर बारावीच्या धड्यात आहे. हे दोन धडे एकमेकांना जोडून कोणी दाखवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

एकाच नमुना अवकाशावर हवे तितके चल मांडता येतात, हेही पोरांना सांगितले जात नाही. दोन फासे घ्या. ३६ ओळी लिहा, सहा बाय सहाचा तक्ता करा. आता प्रत्येक घरात बेरीज लिहा : ७ सहा घरांत येते. तोच तक्ता पुसून प्रत्येक घरात दोन आकड्यांतला मोठा लिहा : ६ अकरा घरांत येतो. पुन्हा पुसून फरक लिहा : ० सहा घरांत, १ दहा घरांत. फासे तेच, घरे तीच ३६, प्रत्येक घराची शक्यता तीच १/३६. बदलला तो फक्त नियम. हा तक्ता मी फळ्यावर एकदा आखला की पोरे पुढची गणिते स्वतः करतात. रशियन गणिती आन्द्रेइ कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये संभाव्यतेची जी आधुनिक घडी बसवली, तिचा पाया हाच आहे : आधी निष्पत्तींचा संच, मग त्यातल्या घटना, मग त्या घटनांना वजन, आणि त्या संचावर बसवलेली फलने (संख्या नेमून देणारे नियम) म्हणजे चल. विद्यापीठातही याहून वेगळ्या पायावर इमारत उभी राहत नाही.

‘नीट’ची तयारी करणारी पोरे हे चटकन पकडतात, कारण तिथे गुणांचा प्रश्न असतो. चार पर्याय, बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा. काहीच येत नसताना चिठ्ठी टाकून पर्याय निवडला, तर चार निष्पत्ती समसंभाव्य. त्यांवर ‘गुण’ हा चल बसवा : एका ओळीला ४, तिघींना उणे १. सरासरी काढा, पाव गुण येतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर यादी तीन ओळींची होते आणि सरासरी २/३ वर जाते. मात्र चिठ्ठी खरोखर टाकली पाहिजे. ‘मागच्या तीन प्रश्नांत ब आला, आता क येईल’ असे मनात धरून निवडले, तर समसंभाव्यतेचा आधारच जातो.

आता ज्यात माझी उमर गेली, त्या वावराकडे येतो. संभाव्यता मला तिथे समजली आणि ती किती गंभीर गोष्ट आहे हेही तिथेच समजले, कारण तिच्यावर शेतकऱ्याच्या विम्याची रक्कम ठरते.

पीक कापणी प्रयोगात ज्या पिकाचा अंदाज काढायचा, ते पीक लावलेल्या वावरांच्या यादीतून यादृच्छिक अंकांनी वावर निवडतात. गावात पोचलो की शेतकरी, पटवारी, पोलिस पाटील, विमा कंपनीचा माणूस असे सगळे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जमतात. वावराच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे. लांबी-रुंदी मोजायची. धान-गव्हासारख्या बहुतेक पिकांना कापायचा तुकडा १० मीटर बाय ५ मीटर असतो, म्हणून लांबीतून १० आणि रुंदीतून ५ वजा करायचे, म्हणजे तुकडा धुऱ्याबाहेर जाणार नाही. उरलेल्या हद्दीत दोन यादृच्छिक अंक घ्यायचे : एक लांबीच्या दिशेने, एक रुंदीच्या. त्या अंकांवर जाऊन खुंटी ठोकायची. तिथून १० बाय ५ ची चौकट, चार खुंट्या, दोर ताणून काटकोन तपासायचा. दोराच्या आतले तेवढेच कापायचे, मळायचे, वजनकाट्यावर घालायचे.

समजा वावर ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. पहिली खुंटी लांबीच्या दिशेने ० ते ७० आणि रुंदीच्या दिशेने ० ते ४० मध्ये कुठेही येईल. म्हणजे ७१ गुणिले ४१, एकूण २,९११ जागा. हा झाला नमुना अवकाश, त्यातली प्रत्येक जागा समसंभाव्य. प्रत्येक जागेला त्या तुकड्यातले वजन नेमून दिले, हा झाला यादृच्छिक चल. ५० चौरस मीटरचे वजन किलोत आले की त्याला २०० ने गुणायचे, हेक्टरी उतारा (उत्पादन) मिळतो. ६ किलो ४०० ग्रॅम आले, तर हेक्टरी १,२८० किलो, म्हणजे १२ क्विंटल ८० किलो. त्याच २,९११ जागांवर ओल्या दाण्याचे वजन हा एक चल, वाळलेल्या दाण्याचे वजन हा दुसरा, झाडांची संख्या हा तिसरा. बातमीत यातला कोणता छापला, हे लिहिलेले मी क्वचितच पाहिले.

शेतकरी आमचा हात धरून म्हणायचा, ‘साहेब, या कोपऱ्यातनं पाणी निघालंच नाही, सोयाबीन पिवळं पडलं. इथं मोजा ना.’ विमा कंपनीचा माणूस दुसरीकडे बोट दाखवायचा. दोघांनाही नाही म्हणावे लागे. खुंटी एकदा कोणाच्या शब्दावर हलली की २,९११ जागांची समसंभाव्यता गेली आणि मग जे वजन येते ते त्या वावराचे राहत नाही.

पण त्याच शेतकऱ्याच्या मनात आणखी एक प्रश्न असायचा आणि तो रास्त होता : माझ्या कोपऱ्यातल्या मातीला या चिठ्ठीत बाकीच्या मातीइतकीच संधी आहे का? नाही. समसंभाव्य आहेत ते तुकडे, मातीचा प्रत्येक चौरस मीटर नव्हे. वावराच्या मधला एक चौरस मीटर घ्या : तो १० गुणिले ५, म्हणजे ५० वेगवेगळ्या तुकड्यांत सापडतो. अगदी कोपऱ्यातला चौरस मीटर फक्त एकाच तुकड्यात सापडतो. म्हणजे मधल्याची शक्यता कोपऱ्याच्या पन्नासपट. वावर मोठे असेल, तर या काठाचा परिणाम एकूण सरासरीवर थोडाच होतो, म्हणून पद्धत टिकते. पण यादी तुकड्यांची की मातीची, हे न सांगता ‘सगळ्यांना समान संधी’ म्हणणे खरे नव्हे. नाण्यांच्या गणितातही तोच प्रश्न होता. दहावीची मुलगी आणि कुहीचा शेतकरी एकच गोष्ट विचारत होते आणि दोघांनाही नेमके उत्तर मिळण्याचा हक्क आहे.

काठ किती महत्त्वाचा, हे आपल्याच मातीतल्या माणसाने जगाला दाखवले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध गाव. १९४०च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करताना त्यांनी देशभर यादृच्छिक पद्धतीने पीक कापणीचा पाया घातला. तुकडा फार लहान घेतला, तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले. कारण असे की, दोरावर येणारे झाड आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने काठ जास्त असतो. निष्पत्ती म्हणजे नेमके काय आणि तिच्यात काय धरायचे, हे आधी पक्के केले नाही, तर देशाच्या धान्याचा अंदाज चुकतो. विदर्भातल्या शाळांत सुखात्म्यांचे नाव पोरांच्या कानांवर पडत नाही. पडायला हवे.

आपल्या विदर्भात या विषयाची कथाही जुनी आहे. महाभारतातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी कुंडिनपूरला निघतो, नळ त्याचा सारथी. वाटेत बेहड्याचे झाड लागते आणि राजा झाडावरची पाने-फळे किती ते न मोजता सांगतो. नळ रथ थांबवून झाड तोडतो आणि मोजून पडताळा घेतो. मग राजा त्याला फाशांची विद्या देतो. न मोजता अंदाज बांधणे आणि फाशांचे गणित या दोन विद्या एकाच माणसाजवळ असणार, हे त्या कथाकाराला कळत होते. अंदाज सांगितला की पडताळा द्यायचा, हेही त्यातच आले.

विम्याकडे परत येतो. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६च्या खरिपापासून आहे. आपल्याकडे उताऱ्याचा हिशेब महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावे मिळून केलेल्या महसुली विभागाच्या पातळीवर होतो. ‘माझे वावर पूर्ण गेले, तरी भरपाई नाही’ अशा बातम्या दर हंगामात आपण छापता आणि छापायलाच हव्यात. पण त्यांत हे एक वाक्य नसते की नमुना अवकाश त्या शेतकऱ्याचे वावर नाही, मंडळातली त्या पिकाची सगळी वावरे आहेत, आणि मोजला जातो तो मंडळाचा सरासरी उतारा. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या (ज्या उताऱ्याखाली गेल्यावरच भरपाई मिळते त्याच्या) वर राहूनही त्यातले एखादे वावर शून्यावर जाऊ शकते. ही आकडेमोडीतली चूक नाही, योजनेत यादीच तशी निवडली आहे. ती यादी योग्य आहे का, मंडळाऐवजी गाव धरावे का, यावर शेतकऱ्याने जरूर भांडावे. पण भांडण कशाबद्दल आहे हे त्याला कळले पाहिजे. नाहीतर तो पटवाऱ्याशी भांडतो आणि पटवाऱ्याच्या हातात काहीच नसते.

पावसाचेही तसेच. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर. यादी केंद्रांची आहे. मोबाइलवरच्या ‘६० टक्क्यां’चा अर्थ असा की आजच्यासारखी हवा असलेल्या शंभर दिवसांपैकी साठ दिवशी या ठिकाणी पाऊस. यादी दिवसांची आहे. शिवाय पाऊस कशाला म्हणायचे हेही ठरलेले असते. सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांतला पाऊस हा चल, तो २.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर तो दिवस ‘पावसाचा दिवस’ ही घटना, ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’ ही घटना. चल एक, त्यावर घटना अनेक.

कोणता चल निवडला यावर किती अवलंबून असते, ते २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरने अनुभवले. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी काठावरच्या वस्त्यांत शिरले. चोवीस तासांच्या बेरजेने पाहिले, तर तो आकडा या शहराला अनोळखी नव्हता. पण त्यातला बहुतेक पाऊस पहाटेच्या काही तासांत पडला. चोवीस तासांचा पाऊस हा एक चल, तासाभराचा पाऊस हा दुसरा, आणि नाल्याला त्या रात्री दुसऱ्याशीच गाठ होती. शहराच्या गटारांचा आराखडा, तलावाच्या सांडव्याचा हिशेब यांविषयी बातमी देताना आपल्या वार्ताहराने अधिकाऱ्यांना एवढेच विचारावे : आपण कोणता पाऊस धरला, किती तासांचा आणि कोणत्या केंद्रावरचा? दोन-चार शब्दांचे प्रश्न आहेत, पण उत्तर देताना माणसाला कागद काढावा लागतो.

संपादक महोदय, माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. हवामानाच्या चौकटीखाली ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘काही ठिकाणी’ यांचा अर्थ बारीक टाइपात रोज छापावा. जिथे टक्केवारी छापाल, तिथे ती कशाची, हे एका ओळीत यावे. पीक विम्याच्या बातमीत मंडळाचे नाव आणि त्या मंडळाचा उतारा द्यावा, एकट्या वावराचे छायाचित्र देऊन थांबू नये. आणि शैक्षणिक पानावर संभाव्यतेचे जे गणित सोडवून दाखवाल, त्याची पहिली ओळ नमुना अवकाशाची असावी. निष्पत्ती चार असोत की छत्तीस, त्या पूर्ण लिहाव्यात आणि त्या समसंभाव्य का, हे एका वाक्यात सांगावे. जागा जास्त लागेल. ती द्यावी, कारण खालचा भागाकार पोरांना येतो, अडतात ती या वरच्या ओळीतच.

त्या सरावसंचाच्या प्रकाशकाला मी वेगळे पत्र पाठवले आहे. बोर्डाच्या परीक्षेआधी आपल्या शैक्षणिक पानासाठी दोन नाणी, दोन फासे आणि एक वावर अशी तीन उदाहरणे क्रमाने लिहून द्यायला मी तयार आहे. मानधन नको. वावराचे चित्र मात्र आपल्या चित्रकाराने प्रमाणात काढावे : ८० बाय ४५ ची चौकट, आत १० बाय ५ चा तुकडा, नैऋत्य कोपऱ्यावर ० आणि ०. हाताने काढलेल्या चित्रात तुकडा नेहमी मोठा दिसतो आणि मग २,९११ जागा पोरांना पटत नाहीत.

आपला नम्र,
कृषी खात्यातील एक निवृत्त सांख्यिकी कर्मचारी,
मानेवाडा, नागपूर